बटणाची खुंटी

आमच्या बालवाडीत चोवीस खुंट्या आहेत आणि पालिकेच्या नियमाप्रमाणे मुलंही चोवीसच. पंचविसावं मूल घ्यायचं नाही, मग त्याची आई दारात रडो की पाया पडो. खुंट्या मुलांच्या खांद्याएवढ्या उंचीवर आहेत आणि प्रत्येकीवर एक चित्र आहे. छत्री, बदक, किल्ली, मासा. नाव वाचता येत नाही त्या वयात पोर आपलं चित्र ओळखतं आणि पिशवी अडकवतं. शेवटच्या खुंटीपर्यंत माझी चित्रं संपली, म्हणून मी तिथं जुन्या कोटाचं एक मोठं तपकिरी बटण चिकटवलं. ती खुंटी जिच्या वाट्याला आली तिला आम्ही बटणच म्हणू लागलो.

पण ही गोष्ट बटणापेक्षा आमच्या बाईंची जास्त आहे.

बाईंना पाठीमागं सगळे मोजणीबाई म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नव्हती. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी त्यांनी मुलांना बागेत नेलं होतं. एक पोर बाकाखाली झोपून गेलं आणि या बाकीच्यांना घेऊन परत आल्या. अर्ध्या तासानं ते सापडलं तेव्हाही झोपलेलंच होतं, त्याला काही कळलंसुद्धा नाही. बाईंना मात्र त्या अर्ध्या तासानं जन्माची सवय लावली. मुलं दारातून आत येताना प्रत्येकाच्या डोक्याला हात लावून मोजायचं, पाणी पिऊन झालं की मोजायचं, झोपवताना मोजायचं आणि उठवल्यावर पुन्हा मोजायचं, जणू झोपेत कुणी पळून गेलं असेल. एकदा माझ्या दाढेसाठी त्या माझ्याबरोबर दवाखान्यात आल्या. मी गाल धरून कळवळतेय आणि या शांतपणे म्हणतात, "आठ. आपण दोघी धरून." मी अकरा वर्षं त्यांच्या हाताखाली काम केलं. हाताखाली म्हणजे खरोखर हाताखाली, कारण घाईत त्या माझ्याही डोक्याला हात लावून पुढं जात.

आता नियम सांगते, कारण सगळं त्यावरच फिरलं. आमची हजेरी रोज कॉम्प्युटरवर पालिकेच्या कुटुंब मदत केंद्राला दिसते आणि सह्यांचं पत्रक दर शुक्रवारी तिथं जातं. त्याच्या मागच्या बाजूला दोन नियम छापलेत, एकाखाली एक. मूल लागोपाठ पाच दिवस आलं नाही, तर केंद्रातली घरभेटीवाली त्या घरी जाऊन बघून येणार. लागोपाठ दहा दिवस आलं नाही, तर जागा रद्द आणि प्रतीक्षा यादीतलं पहिलं मूल आत. यादीत तेव्हा एकेचाळीस मुलं होती. त्यामुळं दहा दिवसांचा नियम प्रत्येक आईबापाला तोंडपाठ आणि पाच दिवसांचा कुणाच्या गावीही नाही.

तीन वर्षांपूर्वी एका मुलाची जागा अशीच गेली होती. घरात आजारपण, पोराला आणणार कोण? बाईंनी इमानदारीनं दहा गैरहजेऱ्या मांडल्या. अकराव्या दिवशी आई धापा टाकत त्याला घेऊन आली, तर त्याच्या खुंटीवर दुसऱ्याची पिशवी. ते पोर पुढं दोन वर्षं आईच्या भाजीच्या गाड्याखाली बसलेलं दिसायचं. बाई तो रस्ता सोडून लांबच्या वाटेनं घरी जाऊ लागल्या. आणि तेव्हापासून गरज पडली की त्या पत्रकात मध्येच एखादा हजेरीचा 'ह' टाकू लागल्या, म्हणजे दिवसांची मोजणी पुन्हा एकपासून सुरू. हे आमच्याकडेच नाही, पालिकेच्या सगळ्या बालवाड्यांत चालतं आणि सगळ्या जणी त्याबद्दल मूग गिळून असतात. खोटी हजेरी असं कुणी म्हणत नाही. सांभाळून घेणं म्हणतात.

बटण पावणेचार वर्षांची. आली तेव्हा तिच्या तोंडात अकरा शब्द होते. बाईंनी मोजले होते, वेगळं सांगायला नकोच. एक आड एक गुरुवारी पालिकेच्या स्पीच थेरपिस्ट येत आणि कोपऱ्यातल्या छोट्या टेबलाशी तिच्याकडून सराव करून घेत. बालवाडीत नाव असलेल्या मुलांनाच त्या बघत, बाहेरच्यांना नाही. सहा महिन्यांत अकराचे तीस शब्द झाले. आता खंड पडू देऊ नका, असं थेरपिस्टनी बजावलं होतं. शाळेत जायच्या आत ही बोलली नाही तर मागं पडेल आणि मागंच राहील. म्हणून बाईंचा त्या एका जागेवर जीव होता. खुंटी गेली की सराव गेला आणि सराव गेला की पोरगी गप्प झाली, इतका सरळ हिशोब होता तो.

बटणाचा बाप लांब पल्ल्याच्या ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. आईला दोन महिन्यांपूर्वी दुसरं बाळ झालं होतं. बाळाला खांद्यावर टाकून ती बटणाला सोडायला यायची. आधी दारात उभी राहून दोन गोष्टी बोलायची, मग नुसती मान हलवायची, मग तीही बंद झाली. केस विंचरलेले नसायचे. एक दिवस बटणाचा स्वेटर उलटा होता, दुसऱ्या दिवशीही तोच आणि तसाच उलटा. मी ते पाहिलं. पाहून केलं काय, तर स्वेटर सुलटा केला.

मग एका सोमवारी सकाळी तिचा फोन आला. बाईंनी घेतला. आपल्या आईकडे जातेय, आठ-दहा दिवस लागतील, जागा तेवढी जाऊ देऊ नका, असं ती म्हणाली. बाईंनी सांगितलं, जा, आराम कर, जागेचं माझ्याकडे लागलं. फोन ठेवून त्यांनी पत्रक ओढलं आणि पहिल्याच दिवशी 'ह' लिहिला.

पहिल्याच दिवशी का, तर त्यामागं सव्वीस वर्षांच्या नोकरीची अक्कल होती. पाच गैरहजेऱ्या झाल्या की घरभेटीवाली जाणार. तिला दाराला कुलूप दिसणार. कुलूप दिसलं की त्या मुली 'कुटुंब दुसरीकडे गेले' असं लिहून मोकळ्या होतात, मग दहा दिवसांचीही वाट बघावी लागत नाही. तेव्हा ती भेटच होऊ द्यायची नाही. बाईंनी मला हे समजावून सांगितलं आणि मला ते पटलं. पत्रकावर दोन सह्या लागतात, दुसरी माझी. शुक्रवारी सही करताना मी खुंट्यांकडं पाठ करून बसले होते, हे मला अजून आठवतं.

त्या दिवसांत पत्रकात चोवीस असायचे आणि चटयांवर तेवीस. बाई झोपलेल्या मुलांवरून हात फिरवत शेवटच्या चटईशी यायच्या, तेवीस म्हणायच्या आणि क्षणभर तिथंच उभ्या राहायच्या. आईकडे असेल, मजेत असेल, असं स्वतःशीच पुटपुटायच्या.

दुसऱ्या आठवड्यातला गुरुवार, म्हणजे नववा दिवस. थेरपिस्ट आल्या, बटण नाही म्हणून तोंड वाकडं करून गेल्या. दीड वाजता मुलांना न्यायला पालक आले. त्यांत एक वायरमन होता, त्याचा मुलगा आमच्या बदकाच्या खुंटीचा. तो बटणाच्याच इमारतीत राहतो. बाईंनी सहज विचारलं, बटणाच्या घरचे कधी परत येणार काही कळलं का. तो म्हणाला, परत यायला गेलंय कोण? पोरगी कालच गॅलरीत दिसली, हातात दुधाची बाटली घेऊन उभी होती.

बाईंनी चपला घातल्या आणि मला म्हणाल्या, "चल."

तिसऱ्या मजल्यावर दार आतून नुसतं लोटलेलं होतं. आत आंबलेल्या दुधाचा वास. पडदे ओढलेले. आई भिंतीकडं तोंड करून पडली होती, डोळे उघडे. आम्ही आत आलो हे तिला कळलं असावं, पण मान वळली नाही. जमिनीवर उशांच्या कुंपणात बाळ होतं. ते रडत नव्हतं, आणि त्याचीच मला भीती वाटली. ओठ कोरडे, टाळू आत गेलेली. शेजारी बाटली, तिच्यात पांढरट पाणी. दुधाच्या पावडरचा डबा खाली पडलेला आणि लादीभर पावडर सांडलेली. बटण स्टुलावर चढून नळाचं पाणी बाटलीत भरत होती, पावडर टाकत होती आणि बाळाला पाजत होती. किती दिवस, ते तिला सांगता येत नव्हतं.

आम्हाला बघून ती आनंदली वगैरे नाही. तिनं आपलं काम केलं. आईपाशी जाऊन तिच्या डोक्याला हात लावला. बाळाच्या डोक्याला लावला. मग स्वतःच्या. "तीन," ती म्हणाली. हा शब्द तिच्या तीस शब्दांत नव्हता.

बाई मटकन खाली बसल्या. मी त्यांना त्या सव्वीस वर्षांतली अकरा वर्षं रोज पाहिलंय, पण असं बसलेलं कधी नाही. मग त्याच उठल्या, बाळाला उचललं आणि मला रुग्णवाहिका बोलवायला सांगितलं.

रुग्णालयात बाळाला सलाईन लागलं. मदत केंद्राच्या प्रमुख मॅडम आल्या, त्यांच्याबरोबर घरभेटीवाली मुलगीही आली, बिचारी चेहरा पांढराफटक पडलेली. डॉक्टर तरुण होता आणि त्याच्यामागं वॉर्डभर माणसं होती. आई एक शब्द बोलत नव्हती. डॉक्टरनं विचारलं, हे असं कधीपासून? घरभेटीवालीनं हातातल्या टॅबमध्ये बघितलं आणि सांगितलं की मोठी मुलगी गेले सगळे दिवस बालवाडीत हजर आहे, एकही खाडा नाही. डॉक्टरचा चेहरा सैल पडला. म्हणजे कालपर्यंत आई तिला वेळेवर तयार करून सोडत होती, तो म्हणाला. मग फार काळजीचं नाही. झोप नाही, अशक्तपणा आहे. बाळाला आजची रात्र ठेवू, आईला गोळ्या देतो, उद्या दोघांना घरी न्या.

माझ्या मनात काय आलं ते लपवत नाही. मला बरं वाटलं. उद्या घरी जातील, आपण रोज जाऊन बघू, शुक्रवारचा एक 'ह' टाकू, जागाही राहील आणि कुणाला काही कळणार नाही. मी बाईंचं मनगट धरलं आणि हळूच म्हटलं, "बाई, गप्प बसा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. वर्गात एखादं मूल चुकीच्या खुंटीवर पिशवी अडकवायला लागलं की बघतात तसं. मनगट सोडवून घेतलं आणि डॉक्टरच्या समोर गेल्या.

"मुलगी नऊ दिवस आलेली नाही," त्या म्हणाल्या. "हजेरी मी लावलीय. खोटी. ही बाई नऊ दिवस तरी अशी पडलीय. त्याच्या आधीपासूनच हिचं ठीक नव्हतं, आम्ही बघत होतो."

डॉक्टरनं लिहिलेला कागद फाडला आणि दुसरा घेतला. मॅडम बाईंना बाजूला घेऊन म्हणाल्या, "काय बोललात ते कळतंय ना तुम्हाला? उद्या दहावा दिवस होतोय."

"मला मोजता येतं, मॅडम," बाई म्हणाल्या.

दुसरी सही माझी आहे, हे मी त्या वेळी बोलले नाही. बोलायची गरजही पडली नाही, पत्रकावर ती ढळढळीत होती. पण बोलायला हवं होतं.

आईला मनाच्या आजाराच्या वॉर्डात ठेवलं, सव्वातीन आठवडे. त्या रात्री गोळ्या देऊन घरी पाठवली असती तर काय झालं असतं, हे डॉक्टरनं आम्हाला सांगितलं नाही. मॅडमना सांगितलं, आणि मॅडम पुढचे दोन दिवस कुणाशी धड बोलल्या नाहीत. बाळ वाचलं. बाप ट्रक वाटेत सोडून आला, रुग्णालयाच्या पायरीवर बसून राहिला. बायको फोनवर रोज सगळं ठीक आहे म्हणायची हो, एवढं एकच वाक्य त्यानं भेटेल त्याला ऐकवलं. बटणाला मावशी त्याच रात्री आपल्या गावी घेऊन गेली, तिनंच सांभाळलं.

आणि जागा गेली. खऱ्या गैरहजेऱ्या मांडल्या, शुक्रवारचा दहावा खाडा पडला आणि कॉम्प्युटरनं आपलं आपण यादीतल्या पहिल्या घराला पत्र पाठवलं. मॅडमनी वर लिहून पाहिलं, स्वतः जाऊन भांडल्या. उत्तर आलं की पुन्हा अर्ज करा, विशेष बाब म्हणून यादीत वर घेऊ. वर म्हणजे चौथा नंबर. नियम काय, माणसांसाठीच असतात, असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवतात. मला ते आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

त्यापुढच्या सोमवारी नवा मुलगा आला, बापाचा आनंद चेहऱ्यावर मावत नव्हता. त्या दोघांची काय चूक? मी सुरीनं बटण उचकटलं आणि तिथं विमानाचं चित्र लावलं. बटण माझ्या टेबलाच्या खणात आहे.

मला ताकिदीचं पत्र मिळालं. बाईंची चौकशी झाली. निवृत्तीला अकरा महिने उरले होते, तेवढे त्यांना आधीच घरी बसवलं. चौकशीत त्यांनी स्वतःची बाजू मांडली नाही, सगळ्याच जणी असं करतात हेही सांगितलं नाही. मुलं झोपलेली असताना त्यांनी चाव्या आणि पत्रक माझ्या हातात दिलं आणि गेल्या. मुलं उठल्यावर मी मोजली. चोवीस भरली आणि मला रडू आलं.

दोन महिने मी त्यांना तोंड दाखवलं नाही. मग एका शनिवारी त्यांच्या घरी गेले तर शेजारीण म्हणाली, त्या इथं कुठं सापडायच्या, रोज नऊला जातात त्या त्यांच्या बटणाकडे, दुपारीच येतात. मी पुन्हा तो तिसरा मजला चढले.

पडदे उघडे होते. बाई जमिनीवर बसून बटणाकडून सराव करून घेत होत्या. थेरपिस्टकडून त्यांनी सगळे धडे कागदावर उतरवून घेतले होते. ओठ कसे करायचे, जीभ कुठं लावायची. त्यांना ते नीट जमत नव्हतं, थेरपिस्टचं काम थेरपिस्टनंच करावं, पण दोघी घाम गाळत होत्या. बाळ मांडीवर होतं, गाल आता भरले होते. आई स्वयंपाकघरात होती. मला बघून तिनं पाणी आणून दिलं.

दारामागच्या खिळ्याला एक वही टांगलेली दिसली. मी उगाच उघडली. बाईंच्या अक्षरात रकाने आखलेले होते आणि वर तीन नावं होती. आई, बटण, बाळ. खाली रोजची तारीख आणि हजेरी. बटणाचे आणि बाळाचे सगळे 'ह'. आईच्या रकान्यात मधूनमधून 'गै'. गेल्या आठवड्यात तर लागोपाठ दोन.

"या दिवशी कुठं गेली होतीस?" मी आईला विचारलं.

ती थोडं हसली. बऱ्याच महिन्यांनी मी तिला हसताना बघितलं.

"कुठंच नाही. इथंच होते. उठवत नव्हतं मला," ती म्हणाली. "म्हटलं, बाई, एवढा एक दिवस 'ह' टाका ना. नाही टाकला. घरभेटीच्या ताईंना फोन लावला. मग आम्ही डॉक्टरांकडे जाऊन आलो."

"वाईट नाही वाटलं?"

"वाटलं की. पण मी उठले नव्हते, हे कुणाला तरी माहीत होतं."

मी बाईंकडं बघितलं. त्यांनी ऐकलं असणार, पण त्या बाळाचं लाळेरं सारखं करत राहिल्या. त्यांचे केस दोन महिन्यांत पुष्कळ पांढरे झाले होते. जागेचं काय झालं, असं त्यांनी मला विचारलं. चौथ्या नंबरावरून तिसऱ्यावर आलाय, मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. पुढच्या वर्षी बटण शाळेत जाईल, तोवर तिसरा नंबर दुसरा होईल फार तर. हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

निघायची वेळ झाली. बटणानं उठून आईच्या डोक्याला हात लावला, बाळाच्या लावला, स्वतःच्या लावला. मग थांबून बाईंच्या डोक्याला लावला आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी खाली वाकले.

"पाच," ती म्हणाली.

आजची ओळ अजून कोरी होती. बाईंनी वही खिळ्यावरून काढली, पेनाचं टोपण उघडलं. पण लगेच लिहिलं नाही. आधी आईकडं नीट बघितलं, चांगलं निरखून, आणि मग लिहिलं.